दोन शाळा, दोन सावल्या आणि एक परीघ

दोन शाळांचे वर्ग ऑनलाइन जोडायचे म्हटलं की आधी व्हिडिओ कॉलच आठवतो. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. मुलांनी नावं सांगितली, हात हलवले आणि दहा मिनिटांत बोलणं आटपलं. एकमेकांकडे मागावं असं काही त्यांच्यापाशी नव्हतंच. मग तिकडच्या विज्ञानाच्या सरांनी आणि मी ठरवलं, की एका वर्गाचं मोजमाप दुसऱ्या वर्गाशिवाय अडून राहील असाच प्रकल्प घ्यायचा.

प्राचीन ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिस याने पृथ्वीचा परीघ मोजण्यासाठी केलेला प्रयोग त्यासाठी नेमका होता. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या सायीन आणि अलेक्झांड्रिया इथल्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांत ७.२ अंशांचा फरक धरला. तो वर्तुळाचा ५०वा भाग, म्हणून दोन शहरांतल्या अंतराची ५० पट म्हणजे पृथ्वीचा परीघ. आमच्या दोन शाळांमधलं दक्षिणोत्तर अंतर नकाशावर १,१०० किलोमीटर भरलं. रस्त्याचं अंतर धरायचं नाही, हे मात्र मुलांना दोनदा सांगावं लागलं.

दोन्हीकडे एक मीटरची काठी, ओळंबा लावून उभी. घड्याळातले बारा इथे उपयोगाचे नाहीत. सावली सर्वांत आखूड होते तो खरा मध्यान्ह, आणि तो एका रेखांशामागे चार मिनिटांनी पुढे-मागे होतो. म्हणून दर दोन मिनिटांनी खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली दोघांच्या सामायिक शीटमध्ये भरायची. कोन शीटच काढून देते.

खरा वाद पेटला तो सावलीच्या टोकावरून. दोन मुली गुडघे टेकून, पेन्सिली हातात घेऊन बसल्या होत्या. एक म्हणे सावली इथे संपते, दुसरी म्हणे तिथे. दोघींचंही बरोबर होतं. सूर्य ठिपका नाही, आपल्याला दिसणारी त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे, त्यामुळे टोकाशी सुमारे एक सेंटीमीटरचा पट्टा धूसरच राहतो. आणि आमच्या हिशेबात एक सेंटीमीटर चुकला तर परीघ २,००० किलोमीटरने चुकतो! तोडगा तिकडच्या मुलांनी काढला. काठीच्या टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा, जमिनीवर सूर्याचं छोटं गोल बिंब पडतं, त्याच्या मध्यावर खूण करायची. त्यांचा फोटो आला आणि आमच्याकडे लगेच पुठ्ठा कापला गेला. माझ्या मते दोन वर्ग खऱ्या अर्थाने जोडले गेले ते त्या क्षणी.

तरीही पहिलं उत्तर ४१,६०० किलोमीटरच्या वर गेलं. आम्ही २१ मार्चला मोजलं होतं. तिकडे नेमके ढग आले, म्हणून त्यांनी २२ तारखेला मोजलं. एका दिवसाने काय बिघडतं, असं आम्हा दोघा शिक्षकांनाही वाटून गेलं, आणि ही चूक आमचीच. ती पकडली एका विद्यार्थिनीने. हौसेने तिने दुसऱ्या दिवशीही सावली मोजली होती. "मॅडम, काठी तीच, जागा तीच, पण सावली पाऊण सेंटीमीटरने कमी झालीय." त्या दिवसांत सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकतो. म्हणजे दिवस विषुवदिनाचाच (दिवस-रात्र समान असण्याचाच) हवा असं नाही, दोन्हीकडे एकच दिवस हवा.

२७ मार्चला दोन्हीकडे आकाश स्वच्छ होतं. आमची सावली २९.६ सेंटीमीटर, त्यांची ४९.४. कोनांतला फरक ९.८ अंश, परीघ ४०,४०० किलोमीटरच्या आसपास. ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. कॉलवर दोन्हीकडून एकदमच आरडाओरडा झाला, कोण काय बोलतंय काही कळेना.

आता डिसेंबरची तयारी चालू आहे. शीट उघडली तर मुलांनी आम्हाला न विचारताच तीन नवे रकाने जोडले होते: 'ओळंबा तपासला का', 'आकाश कसं होतं' आणि 'तारीख दोन्हीकडे एकच आहे ना'.