बैठकीची वेळ ‘प्रोमल्गेट’ करताना

आज एका परिपत्रकाचा इंग्रजी मसुदा तपासताना बैठकीची वेळ चक्क ‘प्रोमल्गेट’ केलेली दिसली आणि हसू आवरेना. लॅटिनमधून आलेले हे क्रियापद मुख्यतः कायदा, अध्यादेश किंवा धर्माज्ञा अधिकृतपणे जाहीर करून अमलात आणण्यासाठी वापरतात. निकाल, साखरपुडा किंवा बैठक यांसाठी ‘अनाउन्स’ पुरेसे असते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत तर कायदा प्रोमल्गेट झाला म्हणजेच तो प्रस्थापित होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. थोडक्यात, ही नुसती दवंडी नव्हे. एखादा सिद्धान्त लोकांत पसरवणे हाही त्याचा अर्थ आहे, पण तिथेही भारदस्तपणा सुटत नाही. मी मसुद्यात साधे ‘अनाउन्स’ घातले, तर साहेबांना ते फिके वाटले.