अपूर्ण डबा

लॅबमधून फोन आला तेव्हा मी डीप फ्रीझरचं तापमान वहीत नोंदवत होते. "ताई, तुमच्या मिठाच्या अभ्यासातला सकाळचा लघवीचा डबा आहे ना, तो एका माणसाचा वाटत नाही मला."

आमच्या लॅबमधल्या या टेक्निशियनबद्दल मला फार आदर आहे. मशीनमधून आकडा निघाला की पुढे ढकलून मोकळे होणारेच जास्त. हा मुलगा आकडा वाचतो.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या किडनी विभागात मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. २०२० साली डापाग्लिफ्लोझिन या किडनी जपणाऱ्या, मधुमेहातल्याही औषधाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात ४,३०४ रुग्ण होते. डॉक्टर मंडळी अशा आकड्यांवर चर्चा करतात, तेव्हा मला त्यामागचे डबे, ट्यूब आणि 'उद्या उपाशीपोटी या' असे फोन दिसतात, कारण माझा दिवस त्यातच जातो. औषध कंपन्यांच्या चाचण्यांमध्ये हल्ली सकाळच्या पहिल्या लघवीची एक छोटी बाटली बहुधा पुरते. पण मी सांगतेय तो अभ्यास विभागाचा स्वतःचा, मिठाचा आहे. त्यात चोवीस तासांची लघवी लागते.

ती का लागते, ते सांगते. किडनीच्या रुग्णाला "मीठ किती खाता?" असं विचारून काहीही हाती लागत नाही. प्रत्येक जण सांगतो, "आम्ही अळणीच खातो." आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी मीठ म्हणजे पानात वरून घेतलेलं. भाकरीच्या पिठातलं, ठेच्यातलं, शेंगदाण्याच्या चटणीतलं, पापडातलं मीठ त्यांच्या हिशेबात धरलेलंच नसतं. पण पोटात गेलेलं बहुतेक मीठ दिवसभरात लघवीतून बाहेर पडतं. चोवीस तासांच्या लघवीतलं सोडियम मोजायचं, लॅब ते मिलिमोल या मापात देते, सतरा मिलिमोलला एक ग्रॅम मीठ असा हिशेब करायचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

गोळा करायची रीत अशी. सकाळी उठल्यावर पहिली लघवी सोडून द्यायची आणि घड्याळातली वेळ लिहायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची, सगळी डब्यात. ऐकायला सोपं आहे. पण शेतावर गेलेला माणूस डबा कुठे ठेवणार? बाईमाणसाला तर लघवी धरायला प्लास्टिकचा मगही बरोबर न्यावा लागतो. उन्हात डबा ठेवायचा कुठे, तर माठाशेजारी ओल्या गोणपाटाखाली. आणि दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून, एसटीत पायाशी धरून, कंडक्टरची नजर चुकवत पुण्याला आणायचा. रुग्ण आमच्यासाठी एवढं करतात. आम्ही त्यांच्यासाठी किती करतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

डबा पूर्ण चोवीस तासांचा आहे की नाही, हे ओळखायची खूण म्हणजे क्रिएटिनिन. ते स्नायूंतून येतं आणि रोज जवळपास सारखंच बाहेर पडतं. पुरुषांमध्ये वजनाच्या किलोमागे साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, बायकांमध्ये १० ते २०. वय झालं की कमी. किडनी अर्धी थकली की रक्तातलं क्रिएटिनिन चढतं, पण लघवीतलं रोजचं माप फारसं हलत नाही. आकडा फार कमी आला तर कुठेतरी एखादी लघवी राहून गेली, एवढं आम्हाला पाठ आहे. जास्त आला तर काय, याचा विचार आम्ही फारसा केलाच नव्हता.

फोन आला होता त्या डब्यात ४.२ लिटर लघवी होती. क्रिएटिनिन एकूण १.७ ग्रॅम. डबा ज्यांच्या नावाचा, त्या काकांचं वजन ५२ किलो, वय ६२. म्हणजे किलोमागे ३३ मिलिग्रॅम. एवढं तालमीतल्या पैलवानाचंही होणार नाही. आणि प्रथिनं होती साडेतीन ग्रॅम. पंधरा दिवसांपूर्वी याच काकांच्या सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर ८० आलं होतं, म्हणजे प्रथिनं थोडीच. त्यांचा आजार जुन्या ब्लडप्रेशरचा आणि कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. रक्तातलं क्रिएटिनिन २.२, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ३३. अशा आजारात प्रथिनं फारशी जात नाहीत. साडेतीन ग्रॅम आली कुठून?

मी आहारतज्ज्ञांच्या खोलीत पोचले, तोवर तिथे व्याख्यान सुरू झालं होतं. सोडियमचा आकडा आधी त्यांच्याकडे जातो. २७० मिलिमोल, म्हणजे दिवसाला जवळपास १६ ग्रॅम मीठ. मॅडम काकांना पापड, लोणचं, फरसाण यावरून झापत होत्या. सैंधवही मीठच आहे, लो-सोडियम मिठात पोटॅशियम असतं आणि ते तुमच्यासारख्याला घातक, हेही सांगत होत्या. सांगत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त समोरचा माणूस चुकीचा होता. काका मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या बायको, मावशी, शेजारी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आमच्याकडे शिकवण्याची घाई फार आहे. विचारायची सवय कमी.

मी काकांना बाहेर बाकावर घेऊन आले. हळूच विचारलं, "काका, डब्यात सगळं तुमचंच होतं ना?"

ते पुरंदरकडचे, अंजिराची थोडी बाग असलेले. चौथीपर्यंत शिकलेले, पण वाचायची हौस असलेले. त्यांनी खिशातून सूचनेचा कागद काढला, नीट चार घड्या घातलेला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, ह्ये बघा की. लिवलंय न्हवं, अपूर्ण डबा घेतला जाणार न्हाई म्हणून."

कागदावर छापलेलं होतं: 'अपूर्ण डबा स्वीकारला जाणार नाही.'

डबा पाच लिटरचा. काकांनी सकाळपासून पाणी पिऊन पिऊन पाहिलं. दहा वाजले तरी डब्याचा तळच जेमतेम झाकला होता. "म्हणलं, आता आपलं नाव कापत्यात. मग मंडळी म्हणाल्या, माजं बी घाला, कोन बघतंय." मावशींनी मान हलवली. त्यांना वाटत होतं, आता पोलिसांना बोलावणार.

या ओळीमागचा सगळा प्रवास मला माहीत आहे. मूळ इंग्रजीत 'इनकम्प्लीट कलेक्शन' होतं, म्हणजे एखादी लघवी राहून गेलेली. भाषांतर करणाऱ्या संस्थेने संकलनाचा डबा केला. एथिक्स कमिटीला मराठी प्रतीबरोबर बॅक-ट्रान्सलेशन लागतं, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी ते मराठी परत इंग्रजीत करायचं. 'अपूर्ण डबा'चं 'इनकम्प्लीट कंटेनर' झालं, मूळ शब्दाशी जुळलं, शिक्का बसला. शब्द शब्दाला जुळतो की नाही, एवढंच या पद्धतीत तपासलं जातं. पुरंदरच्या शेतकऱ्याला ते वाचून काय करावंसं वाटेल, हे कोणीच तपासत नाही. म्हणून तर आमच्या संमतीपत्रकांत 'यादृच्छिकीकरण' असतं, म्हणजे कोणाला कुठलं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं, आणि 'दुहेरी अंध अभ्यास' असतो, म्हणजे कोणाला कुठलं औषध मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. एका आजींनी मला विचारलं होतं, या औषधानं डोळे जातात का. मी समजावलं आणि त्यांनी सही केली. पण ज्या आजी विचारत नाहीत, त्यांचं काय?

आणि मंजूर झालेल्या कागदातला एक शब्दही आम्ही आमच्या मनाने बदलू शकत नाही. डबा देताना काकांना ती ओळ मीच मोठ्याने वाचून दाखवली होती, जशी छापली होती तशी. त्यांना वाचता येत नसतं, तर मी माझ्या भाषेत समजावलं असतं आणि डबा बरोबर आला असता. त्यांना वाचता येत होतं, म्हणून मी ओळ वाचली आणि नुसता कागद हातात दिला.

डब्याचं कोडं सुटलं होतं. प्रथिनांचं राहिलं होतं, आणि ते मला लिफ्टमध्ये उमगलं. काकांची प्रथिनं पूर्वीइतकीच असतील, तर बाकीची सगळी मावशींची.

आमच्या मुख्य संशोधक मॅडमना सांगितलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मावशी अभ्यासात नव्हत्या. त्यांची संमती नव्हती, नंबर नव्हता, फाइल नव्हती. त्यांची तपासणी कोणी मागितलीच नव्हती, ती चुकून होऊन गेली होती. विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं, दूषित नमुना आहे, टाकून द्या, त्यावरून कोणाला काही सांगू नका. नियमाच्या पुस्तकात ते बसतही असेल. मॅडम म्हणाल्या, "मी आधी डॉक्टर आहे," आणि उठून बाकापर्यंत चालत आल्या. मावशींना जे झालं ते साध्या शब्दांत सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला चालणार असेल तर तुमचीही तपासणी करू का?" मावशींनी आधी काकांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "करा."

मॅडमनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. मी पायाच्या बोटांकडे पाहिलं. जोडवी नव्हती. दुसऱ्या बोटावर नुसती पांढुरकी खूण होती, तिच्या दोन्ही बाजूंना मांस फुगलेलं. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडून दाखवली, जोडवी आत होती. "दिवाळीपास्नं चढंना झाल्यात. उभ्यानं काम, पाय सुजायचेच." आम्ही उन्हाळ्यात बोलत होतो.

ब्लडप्रेशर १७० वर १००. साखर २८६. त्यांना मधुमेह आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दर महिन्याला नवऱ्याबरोबर किडनीच्या ओपीडीत येऊन बाकावर बसणारी बाई, तिची साखर कधी कोणी पाहिली नव्हती. नेत्र विभागाने डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सांगितल्या. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र १.१. गावातल्या एखाद्या लॅबने हा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यात छापून दिला असता आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. मावशींच्या वयाला त्याचा ईजीएफआर ५९ होतो, म्हणजे कमीच, आणि त्यांच्या लघवीतून दिवसाला तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं जात होती. मधुमेहात लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तरी तपासा, असं मी हल्ली रिक्षावाल्यालाही सांगते.

पुढचे तीन तास तपासण्यांचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यात गेले. अभ्यासाच्या बजेटमधून नाही, कारण त्या सहभागी नाहीत. शेवटी समाजसेवा विभागातल्या ताईंनी धर्मादाय योजनेतून कागद लावून दिले. टेल्मिसार्टन हे ब्लडप्रेशरचं औषध सुरू झालं, साखरेचं औषध सुरू झालं, काही दिवसांनी डापाग्लिफ्लोझिनही. २०२० मध्ये त्याचं पेटंट इथे संपलं आणि अनेक कंपन्या ते बनवू लागल्या, म्हणून ते आज मावशींना परवडतं. त्या ४,३०४ जणांचं मावशींना काही माहीत नाही.

काकांनी दुसरा डबा आणला. १.७ लिटर, क्रिएटिनिन ०.८६ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅमच्या आत. अभ्यासात त्यांचं नाव लागलं.

मग फॉर्म आला. प्रोटोकॉल डेव्हिएशनचं, म्हणजे अभ्यासाची ठरलेली रीत मोडल्याचं, कारण लिहायचं होतं. डेटा बघणाऱ्यांनी तयार पर्याय सुचवला, 'सहभागीने सूचना पाळल्या नाहीत.' मी तो लिहिला नाही. काकांनी सूचना अक्षरशः पाळली होती. मी लिहिलं, 'सूचनेचं मराठी चुकीचं.' त्यावरून दोन बैठका झाल्या. नवी ओळ मी स्वतः लिहून दिली: 'जेवढी लघवी होईल तेवढीच आणा. डबा भरायची गरज नाही. दुसऱ्या कोणाची लघवी त्यात घालू नका.' ती मंजूर व्हायला सात आठवडे लागले. तोवर मी प्रत्येकाला कागद देऊन वर तोंडी सांगत होते, आणि तोंडी सांगितल्याचीही नोंद करत होते.

पण त्याआधीचे डबे? एका संध्याकाळी मी जुने आकडे काढून बसले. तीन पुरुष असे आहेत, ज्यांचं क्रिएटिनिन किलोमागे २४ च्या पुढे आहे. मर्यादेतच आहे, म्हणून कोणी प्रश्न काढला नाही. तिघेही साठीच्या पुढचे, तिघेही बारीक अंगाचे. डब्यात कोणीतरी थोडीशी भर घातली असेल, तर असाच आकडा येईल. माणूसच तसा असेल, तरीही असाच येईल. मॅडमना सांगितलंय. त्या म्हणाल्या, विचारून पाहा.

विचारायचं कसं, हीच अडचण आहे. काकांनी खरं सांगितलं, कारण त्यांच्या हातात कागद होता आणि चूक कागदाची होती. या तिघांना मी विचारलं, "काका, सगळं तुमचंच होतं ना?" तर ते हो म्हणतील, कारण माझ्या तोंडावर तेच उत्तर लिहिलेलं असेल. डबाही त्यांनी असाच आम्हाला बरं वाटावं म्हणून भरला असेल, तर? आणि त्या तीन घरांत आणखी कोणाचे पाय सुजलेले असतील, तर?

त्यातले एक जण येत्या मंगळवारी येणार आहेत. फोन करून मी एवढंच सांगितलंय, की येताना काकूंनाही घेऊन या.