आयर्लंडची बसटूर: आई, मावशी, मी आणि दहा दिवस पाऊस

मे महिन्यात आई (वय ७१), मावशी आणि मी अशा तिघी आयर्लंडला जाऊन आलो. डब्लिनला सुरू होऊन डब्लिनलाच संपणारी दहा दिवसांची बसची ग्रुप टूर, कंपनी तिथलीच, ग्रुपमधे भारतीय आम्ही तिघीच, बाकी बहुतेक अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन. आल्यापासून प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंय की कसं गेलात, व्हिसा कसा मिळाला, शाकाहारी मिळतं का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

आधी व्हिसाचं, कारण इथेच लोकांचा घोळ होतो. आयर्लंड युरोपियन युनियनमधे आहे, युरो चालतो, पण शेंगेनमधे (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा घेऊन तिथे जाता येत नाही, वेगळा आयरिश व्हिसा लागतो. आणि बेलफास्ट, जायंट्स कॉजवे हे सगळं नॉर्दर्न आयर्लंडमधे म्हणजे यूकेमधे येतं. रस्त्यावर बॉर्डर दिसतसुद्धा नाही, फक्त किलोमीटरचे बोर्ड मैलांचे होतात, पण कायद्याने तिकडचा व्हिसा लागतोच. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश अशी एक जोड स्कीम आहे, त्यात व्हिसावर बीआयव्हीएस असा शिक्का असला तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. टूरच्या प्रोग्रॅममधे बेलफास्टचं नाव दिसलं तर पैसे भरायच्या आधी याची चौकशी करा. आमच्या टूरमधे उत्तर भाग नव्हता, तरी कागद जमवण्यात आमचा दीड महिना गेला. मुंबईहून थेट विमान नाही, आम्ही आखातातून गेलो, आईच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवली होती.

डब्लिनमधे दोन दिवस होते. टूरमधे 'सिटी टूर' लिहिलेलं असतं ते बहुतेक बसच्या खिडकीतून असतं, त्यामुळे जे खरंच आतून बघायचंय ते आपलं आपण आधी बुक करून जा. ट्रिनिटी कॉलेजमधलं बुक ऑफ केल्स बघितलं, साधारण इ.स. ८०० मधे वासराच्या कातड्यावर हाताने लिहून रंगवलेलं पुस्तक, काचेत दोनच पानं उघडी असतात पण त्या दोन पानांपुढून मावशी हलेना. वरच्या लाँग रूममधली पुस्तकं जतनाच्या कामासाठी कपाटांतून काढलीत, फोटोत दिसते तशी भरगच्च लायब्ररी मिळेल असं धरून जाऊ नका. किलमेनहॅम जेल मात्र काही झालं तरी सोडू नका. १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टर उठावातल्या चौदा नेत्यांना तिथल्या दगडी आवारात गोळ्या घातल्या, त्यातले जेम्स कॉनली इतके जखमी होते की त्यांना खुर्चीला बांधून मारलं. त्या आवारात आमचा तीस जणांचा ग्रुप पूर्ण गप्प झाला होता. याची तिकिटं काही आठवडे आधी ऑनलाइन सुटतात आणि लगेच संपतात, अलार्म लावून बसा. आणि एक फुकट गोष्ट, डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी म्युझियम, तिथे मुघल चित्रांचा फार सुंदर संग्रह आहे.

तिसऱ्या दिवशी बस निघाली आणि खरी टूर तेव्हा सुरू झाली. आमचे ड्रायव्हर आणि गाइड एकच, साठीचे गृहस्थ, शेतकरी घरातले, मायक्रोफोन कानाला लावलेला आणि दिवसभर बोलत होते, शेताचं बोलणं, राजांचं, दुष्काळाचं, मधेच गाणं. मी आजपर्यंत तीन ग्रुप टूर केल्यात त्यामुळे ठामपणे सांगते, आयर्लंडची टूर निवडताना हॉटेलचे स्टार बघू नका, गाइड कोण आणि कसा आहे याचे रिव्ह्यू वाचा. कारण तिथले निम्मे किल्ले हे पडके दगड आहेत, गोष्ट माहीत नसेल तर पाच मिनिटांत फोटो काढून माणूस बसमधे येऊन बसतो. आमच्यातले काही जण हेडफोन लावून बसायचे आणि मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटायचं.

उदाहरण सांगते. किलार्नीच्या तळ्याकाठी रॉस कॅसल आहे, पंधराव्या शतकातला ओ'डोनाह्यू घराण्याचा चौकोनी बुरूजवाडा, दिसायला साधाच. पण भविष्य असं होतं की तळ्यात लढाऊ जहाजं आल्याशिवाय हा किल्ला पडणार नाही, आणि आत डोंगरांमधल्या तळ्यात जहाज येणार कुठून! १६५२ मधे इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने नदीच्या वाटेने बोटी वर आणून तळ्यात सोडल्या, आणि त्या दिसल्यावर किल्ला शरण गेला. ही गोष्ट त्यांनी बसमधे नाही सांगितली, तळ्याकाठी उभं करून सांगितली, पाण्याकडे बोट दाखवून. आई म्हणाली किल्ला असा बघायचा असतो.

रॉक ऑफ कॅशेल त्याच्या आधी, तिसऱ्याच दिवशी येतो. टिपररीच्या सपाट हिरव्या मैदानातून एकदम चुनखडीचा उंचवटा वर येतो आणि त्यावर गोल मनोरा, कॅथेड्रल आणि ११३४ मधे पूर्ण झालेलं कॉर्मॅकचं चॅपल. मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताच्या राजांची गादी ही, ११०१ मधे त्यांनी जागा चर्चला देऊन टाकली. वर वारा इतका होता की आईला दोघींनी धरून नेली. चढ थोडाच आहे पण ओल्या दगडावरून आहे, ग्रिपचे बूट हवेत, आपले स्पोर्ट्स शूज चालतात पण गुळगुळीत झालेले नकोत.

रात्री कॉर्कला राहून सकाळी ब्लार्नी कॅसल. तिथला दगड उलटं झोपून, डोकं मागे लोंबकळत ठेवून चुंबायचा, मग वाक्चातुर्य मिळतं अशी समजूत. वर जायला शंभराच्या वर अरुंद गोल पायऱ्या, एकदा लाइनीत शिरलं की मागे फिरणं अवघड. गुडघे दुखणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी वर जाऊ नये, बाग खूप मोठी आणि सुंदर आहे, आई तिथे दीड तास अगदी मजेत होती. मी आणि मावशी उघडता क्षणी गेलो, वीस मिनिटांत आमचं झालं, उतरलो तेव्हा लाइन खालपर्यंत आलेली होती.

दुपारी कोव्ह नावाचं बंदर. १९१२ मधे टायटॅनिक शेवटची थांबली ती इथे, सगळे तेच बघायला येतात. पण मला तिथे लक्षात राहिला तो ॲनी मूर या सतरा वर्षांच्या मुलीचा पुतळा, सोबत दोन लहान भाऊ, १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, स्थलांतरितांच्या केंद्रात, नोंद झालेली ती पहिली. आमच्या ग्रुपमधल्या एक अमेरिकन आजी त्या पुतळ्याशी बराच वेळ उभ्या होत्या, त्यांची पणजी याच बंदरातून गेली होती, गावाचं नाव तेवढं घरात टिकलं होतं. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने गेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात त्याच बंदरांतून धान्य आणि गुरं इंग्लंडला जात होती. बेटाची लोकसंख्या आजसुद्धा तेव्हाच्या आकड्याला पोचलेली नाही. हे ऐकल्यावर पुढे सगळा हिरवागार देश बघताना मनात ते राहतंच. पश्चिमेकडच्या कॉनेमारा भागात जाताना किलरी खाडीच्या काठी डोंगरउतारांवर लांब लांब वरंबे दिसतात, गवताखाली गेलेले, ती तेव्हाची बटाट्याची शेतं. गाइडने बस थांबवली आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत.

आता जरा खाण्याचं. नाश्त्याला फुल आयरिश म्हणून जे येतं त्यातल्या ब्लॅक पुडिंगमधे रक्त असतं, काळा गोल काप दिसला तर शाकाहारी लोकांनी हात लावू नका. पॉरिज, सोडा ब्रेड आणि लोणी मात्र रोज खा, असं लोणी मी कुठे खाल्लं नाही. टूर बुक करतानाच व्हेज लिहून दिलेलं असूनसुद्धा एका हॉटेलात मावशीला दोन रात्री नुसता उकडलेला बटाटा आणि गाजर आलं, आणि व्हेज सूप म्हणून दिलेल्या सूपमधे चिकनचा स्टॉक निघाला, तिला फार वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ठिकाणी स्टॉक कशाचा ते विचारायला लागलो. मेथीचे ठेपले, चटणीपूड आणि मेतकूट नेलं होतं त्याचा उपयोग झाला. चहा मात्र आपल्यासारखाच, कडक आणि दुधाचा, आई पहिल्याच दिवशी खूश. सॉकेट तीन पिनांचं यूकेसारखं असतं, ॲडॉप्टर तसाच घ्या.

किलार्नीहून रिंग ऑफ केरीचा पूर्ण दिवस होता, १७९ किलोमीटरचा वळणाचा रस्ता, बस लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्या. टूरच्या बसेस सगळ्या एकाच बाजूने, घड्याळाच्या उलट्या दिशेने जातात कारण समोरासमोर दोन बसेस आल्या तर जागाच नाही. पाऊस होता, समुद्र अर्धाच दिसला, पण मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांचं प्रात्यक्षिक बघितलं, मालक नुसती शिट्टी मारतो आणि दोन कुत्री डोंगरावरच्या मेंढ्या गोळा करून आणतात. सीट रोज बदलायची पद्धत असते, कुरकुर करू नका, चांगलीच आहे ती. ड्रायव्हरला कायद्यानेच साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती घ्यावी लागते, त्यामुळे उगाच थांबवलं असं म्हणू नका.

बनरॅटी कॅसलमधे रात्रीचं मध्ययुगीन जेवण होतं, किल्ला १४२५ च्या सुमाराचा, मेणबत्त्या, हार्प, लांब बाकं, आणि काटे-चमचे जवळपास नाहीतच, हाताने खायचं. अमेरिकन लोक बावरले होते, आई मात्र निवांत जेवली. व्हेज असाल तर आधी कळवा नाहीतर सगळा मांसाचाच मेनू आहे.

दुसऱ्या दिवशी तिथून निघाल्यावर मोटरवेवर गाइडने एक काटेरी झुडूप दाखवलं. ते परींचं झाड मानतात, १९९९ मधे रस्ता त्यावरून जाणार होता, लोकांनी आणि एका कथेकऱ्याने विरोध केला आणि शेवटी रस्ता थोडा वळवला, झाड आहे तिथेच आहे. मावशी म्हणाली आपल्याकडे म्हसोबाचा दगड हलवत नाहीत तसंच की. मग मी ते गाइडना इंग्लिशमधे सांगितलं आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मलाच प्रश्न विचारले, देवराई म्हणजे काय, झाड तोडलं तर काय होतं, सगळं. त्यावरून विषय लिओ वराडकरांवर गेला, आयर्लंडचे पंतप्रधान होते ते, वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. आईचं माहेर मालवणकडचं. तिने माईकवर सगळ्या बसला वराडकर हा उच्चार नीट शिकवला, तीस लोकांनी एका सुरात म्हटला, तो आनंद मी विसरणार नाही.

क्लिफ्स ऑफ मोहर, २१४ मीटर उंच कडा, यासाठी एकच सांगते, छत्री नेऊ नका, टोपी असलेला रेनकोट न्या. आम्ही पोचलो तेव्हा धुक्यात काहीही दिसत नव्हतं, अर्धे लोक कॅफेत गेले, आम्ही तिथेच उभ्या राहिलो आणि चाळीस मिनिटांनी धुकं पडद्यासारखं सरकलं. फोटोसाठी भिंत ओलांडून जाणारे लोक दिसतात, कृपा करून तसं करू नका, कडा ठिसूळ आहे.

गॉलवेला दोन रात्री. ऑप्शनल शोचे पैसे भरायच्या ऐवजी आम्ही पबमधल्या सेशनला गेलो, दारू घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, बाउरॉन नावाचा डफासारखा ढोल घेऊन सात-आठ जण एकमेकांकडे तोंड करून बसलेले, स्टेज नाही, माईक नाही. आई म्हणाली हे आपल्या देवळातल्या भजनासारखं आहे, कुणी लोकांकडे बघून वाजवत नाही. मग एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटून आयरिश भाषेत गाणं म्हटलं, साथीला काहीच नाही, आणि सगळा पब गप्प. अशा वेळी बोलू नका, व्हिडिओ काढायचा तर विचारून काढा. कॉनेमाराच्या आयरिश बोलणाऱ्या भागात तर गावांच्या नावांचे बोर्डही फक्त आयरिशमधे असतात, नकाशावरचं इंग्लिश नाव शोधत बसलात तर सापडणार नाही.

टूर संपल्यावर एक दिवस जास्तीचा ठेवला होता, न्यूग्रेंजसाठी, आणि तो ठेवाच असं मी सांगेन. इ.स.पू. ३२०० च्या सुमाराची दगडी समाधी, गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीची. व्हिजिटर सेंटरहून त्यांच्याच बसने नेतात, तिकीट खूप आधी काढावं लागतं. आत जायची वाट अरुंद आणि बुटकी, आई जाते की नाही अशी धाकधूक होती पण गेली, वाकून, माझा हात धरून. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमारास सकाळी सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून या वाटेने थेट आतपर्यंत येतो, सतरा मिनिटं. आम्हाला दिव्याने तसं करून दाखवलं. आधी सगळे दिवे बंद केले, मिट्ट काळोख, कुणाचा श्वास ऐकू येईल असा, आणि मग जमिनीवरून एक बारीक पिवळी रेघ सरकत सरकत आईच्या पायापर्यंत आली.