गेटपासवर तीन कोन

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात शिरताना गेटवर एक हिरवा फलक दिसतो. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले, तो आकडा त्यावर रोज सकाळी मी बदलतो. सेफ्टी ऑफिसरच्या नोकरीत मिरवण्यासारखं फार काही नसतं, त्यातलं हे एक. त्या जूनमध्ये आकडा होता 611.

त्याच 611 दिवसांत माझ्या कपाटातल्या दुसऱ्या फाइलमध्ये तीन अपघात जमले होते. तिन्ही दुचाकीचे, तिन्ही कामावर येता-जाताना. 2010 मध्ये ईएसआय (कामगार विमा) कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून घर ते कारखाना या वाटेवरचा अपघातही कामावरचा धरला जातो. म्हणून अहवाल मीच भरतो. फलकावर मात्र तो चढत नाही, कारण फलक गेटच्या आतलं तेवढंच मोजतो.

तिसरा अपघात पॅकिंगमधल्या एका पोराचा. महापे-शिळफाटा रस्त्यावर पुढचा ट्रेलर थांबला, यानं ब्रेक मारला आणि गाडी आडवी होऊन घसरत ट्रेलरच्या चाकापाशी गेली. कॉलर बोन मोडलं. हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं. कोपर शाबूत राहिलं. जबाब घ्यायला गेलो तर म्हणतो, "साहेब, ब्रेक तर फुल मारला होता." मी तसं लिहून घेतलं खरं, पण परत येताना तेच डोक्यात घोळत राहिलं. फुल मारला म्हणजे नेमका कुठला?

व्यवस्थापनाच्या मागे लागून एका शनिवारची अर्धी पाळी आणि मागचं ट्रक यार्ड मिळवलं. शिकवायला आले ते सैन्यात सिग्नल्समध्ये आयुष्य काढलेले एक निवृत्त सुभेदार. डिस्पॅच रायडर होते, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप पोचवणारे. कमी बोलणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी खडूनं एक आडवी रेघ मारली, दोन्ही टोकांना रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे कोन ठेवले आणि माझ्याकडून मोजपट्टी मागून घेतली. "चाळीसच्या स्पीडनं यायचं. रेघेवर ब्रेक. बस."

पहिला कोण, हा प्रश्नच नव्हता. लोडिंगचे जाधवमामा. घणसोलीहून रोज स्प्लेंडरवर येतात, सत्तावीस वर्षांत एकदाही पडलेले नाहीत, आणि ही गोष्ट कॅन्टीनमध्ये कुणालाही माहीत नसेल असं त्यांनी होऊ दिलेलं नाही. मामा आले, रेघेवर ब्रेक मारला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी किंचाळत, शेपूट हलवत पुढे गेली. काँक्रीटवर काळा पट्टा उमटला. सुभेदारांनी पट्टी लावली: साडेअठरा मीटर.

मामा खूश होते. पडले नव्हते ना!

मग लॅबमधली स्नेहा. तिची स्कूटर नवी. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 2019 पासून कॉम्बी ब्रेकची सक्ती आहे (ज्यांना चाक लॉक होऊ न देणारा एबीएस नाही त्यांना), म्हणजे डाव्या हाताची एकच मूठ आवळली तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. ती घाबरतच आली, दोन्ही मुठी आवळल्या आणि साडेअकरा मीटरवर उभी राहिली. टाळ्या पडल्या. मामांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला.

"मामा, पुढचा ब्रेक लावला होता का?" सुभेदारांनी विचारलं.

"पुढचा? तो लावला की माणूस हँडलवरून उडतो. आमच्या वडलांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

यार्डात निम्म्या माना हलल्या. खरं सांगायचं तर माझीही हलली असती. मलाही थोरल्या भावानं हेच शिकवलं होतं.

सुभेदार काही न बोलता खाली बसले आणि मामांच्या गाडीचा पुढचा लिव्हर दाबून पाहिला. तो थेट मुठीला टेकला. केबल इतकी ढिली की ब्रेक लागणंच शक्य नव्हतं. वापरच नाही, तर ढिली झालेली कळणार कशी? त्यांनी ड्रमजवळचा नट आवळला, चाक फिरवून पाहिलं, पुन्हा आवळला. मग मामांचा हात आपल्या हातात घेऊन दाखवलं: झटका नाही, लिंबू पिळतो तसं. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक लगेच लॉक होऊन घसरतं. पुढच्याला मात्र भार येईल तशी जास्त पकड मिळते, फक्त भार यायला एक क्षण द्यावा लागतो. एकदम दाबला तर तेही लॉक होतं आणि माणूस पडतो; वडलांची भीती तेवढ्यापुरती खरी ठरते.

चहाच्या वेळी मी माझे आकडे काढले. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 दुचाकीवरची. म्हणजे रोज दोनशेपाच. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले 50,029 गेले, त्यात 14,337 मागे बसलेले. समोसे चालू होते, कुणाची मान वर झाली नाही. मग लॉस एंजेलिसचा अभ्यास सांगितला, 1981 चा. हॅरी हर्ट यांच्या पथकानं नऊशे मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. सावरायला माणसाला दोन सेकंदही मिळत नव्हते आणि तेवढ्यात तो मागचा ब्रेक करकचून दाबत होता, पुढचा पुरेसा नाही. अपघात झालेल्यांपैकी 92 टक्के लोक रीतसर शिकलेलेच नव्हते, हेही मी जरा चढ्या आवाजात सांगितलं.

क्वालिटीचा रोहित म्हणाला, "सर, पण एकूण चालवणाऱ्यांत न शिकलेले किती होते? तेही नव्वद असतील तर या ब्याण्णवचा अर्थ काय?"

क्वालिटीवाल्यांना सेफ्टीच्या कार्यक्रमाला बोलावू नये, असं मनात आलं. पण पोरगा बरोबर बोलत होता. छेदात काय आहे ते न विचारता टक्केवारी मांडली तर रोज आमच्या बॅचचे रिपोर्ट तो परत पाठवतो. मग मीही कबूल केलं: प्रशिक्षणानं अपघात कमी होतात का, यावरचे अभ्यास 2010 मध्ये कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं एकत्र तपासले, आणि ठाम काही म्हणावं इतका दर्जाच त्यांत सापडला नाही. हेल्मेटचं तसं नाही. मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो, हे तशाच आढाव्यात स्पष्ट दिसतं.

सुभेदारांना याचं काही वाटलं नाही. उलट म्हणाले, "पोरांना एक दिवस शिकवलं की ती दुसऱ्या दिवशी जास्त जोरात चालवतात. मी पाहिलंय. म्हणून आज फक्त थांबायला शिकवतोय."

चहानंतर मामा पुन्हा आले. दुसऱ्या खेपेला सतरा मीटर, तिसऱ्याला पंधरा. चौथ्या खेपेला पुढचं चाक जरासं घसरलं तेव्हा यार्डात श्वास रोखला गेला. मामांनी लिव्हर सोडला, गाडी सरळ झाली. आठव्या खेपेला बारा मीटर.

मामा उतरले. त्यांनी मोजपट्टी स्वतः घेतली, पहिल्या काळ्या पट्ट्याच्या टोकापासून आत्ता जिथे थांबले तिथपर्यंत लावली आणि वाकून आकडा वाचला. साडेसहा मीटर.

"साहेब, रिक्षा किती लांब असते?"

"अडीच मीटरच्या थोडी वर."

"म्हणजे अडीच रिक्षा," मामा म्हणाले. "सत्तावीस वर्षं अडीच रिक्षा पुढे जाऊन थांबतोय मी. ट्रेलर कुणाचाच मधे आला नाही, एवढंच."

त्यावर कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मी कागद आवरत होतो तेव्हा मामा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा बारावीत आहे, सहा महिन्यांपासून तीच गाडी चालवतो. लायसन्स आहे का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तीन कोन मिळतील का, म्हणाले. रविवारी पहाटे घराजवळचं मैदान रिकामं असतं.

कंपनीचा माल बाहेर न्यायचा तर गेटपास लागतो. मी रिटर्नेबल गेटपास फाडला: रस्त्याचे कोन, नग तीन. कारणाच्या रकान्यात जरा थांबलो, मग "चाचणी" लिहिलं. सिक्युरिटीनं तिन्ही कोन उलटेपालटे करून पाहिले आणि शिक्का मारला.

सोमवारी फलकावर 613 लावून मागे वळलो, तर मामा दोन कोन घेऊन उभे.

"तिसरा?"

"पोरानं पहिल्याच खेपेला चिरडला," मामा म्हणाले. "पगारातून कापा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाहिजेत."