आज दादाचं ऑपरेशन झालं

सकाळी साडेसातला दादाला आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा पाच वाजून गेले होते. आमच्याकडे एफएपी आहे, आतड्यात असंख्य पॉलिप्स, म्हणजे आतल्या अस्तरावर छोट्या गाठी, होणारा आनुवंशिक आजार. बाबा त्यातच गेले. दादाचं मोठं आतडं आठ वर्षांपूर्वी काढलं. आता ड्युओडेनम, म्हणजे जठरापुढचा लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, पॉलिप्सनी भरला होता.

काल डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. घोड्याच्या नालासारखं वळलेलं आतडं, त्याच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं, रक्तपुरवठा सामाईक. एरवी व्हिपल नावाच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही काढतात. दादाला कॅन्सर नव्हता, म्हणून स्वादुपिंड राखायचं ठरलं. बारीक बारीक रक्तवाहिन्या एकेक बांधत आतडं सोडवायचं, मग पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी पुढच्या आतड्याला जोडायची. स्वादुपिंडाची ती नळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची! केवढी चिकाटी लागत असेल त्या हातांना.

आयसीयूत पाच मिनिटं भेटू दिलं. त्याने पाणी मागितलं. सिस्टरांनी ओला कापूस ओठांवरून फिरवला. आई त्याच्या पायाला हात लावून नुसती उभी होती.

जोडातून गळती होऊ नये म्हणून आता काही दिवस ड्रेनवर, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीवर, लक्ष. माझी स्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, पुढच्या महिन्यात आहे. यावेळी तारीख पुढे ढकलणार नाही.