२०२० चा कोरोनातला गणपती: ई-पास, खारेपाटणचा नाका आणि पडवीतला मुक्काम

२०२० साली, कोरोनाच्या साथीत, चतुर्थी २२ ऑगस्टला होती. सरकारने चाकरमान्यांचा क्वारंटाइन चौदा दिवसांवरून दहावर आणला आणि १२ तारखेच्या आत कोकणात पोचा असं सांगितलं. हिशेब सरळ होता, मूर्ती घरात येईपर्यंत दहा दिवस भरलेले असावेत. आम्ही डोंबिवलीहून त्या मुदतीत निघालो आणि कणकवलीजवळच्या आमच्या गावी पोचलो. १२ नंतर निघणाऱ्यांना आधीच्या ४८ तासांतली स्वॅब टेस्ट निगेटिव्ह लागत होती. त्यामुळे स्वॅब देण्याआधी लॅबला एकच प्रश्न विचारायचा: रिपोर्ट हातात कधी पडणार? तीन दिवसांनी रिपोर्ट देणारी लॅब कितीही स्वस्त असली तरी कामाची नव्हती.

एसटीने येणाऱ्यांना पास लागत नव्हता. एका गाडीत २२ प्रवासी घेत, म्हणून वाडीतल्या काही मंडळींनी मिळून अख्खी गाडीच केली. स्वतःच्या गाडीला मात्र पोलिसांच्या साइटवरून ई-पास काढावा लागत होता, आणि ड्रायव्हर धरून चारच माणसं बसू शकत होती. अर्जाला आधार कार्ड, फोटो आणि फ्लूची लक्षणं नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं असे. फोटो आधीच छोट्या साइजचे करून ठेवायचे, मोठी फाइल साइट घेत नसे. कारणाच्या रकान्यात गोष्ट सांगत बसायचं नाही. पासची प्रिंट काढून काचेला लावायची, कारण घाटात मोबाइलला रेंज नसे आणि नाक्यावरच्या हवालदाराला तुमच्या स्क्रीनला हात लावायचा नसे.

रस्त्याचं काय सांगायचं! चौपदरीकरण चालू होतं, वर पाऊस, आणि वडखळपासून महाडपर्यंत खड्डे चुकवण्यातच जीव जात होता. पहाटे निघालं की उजेडात कशेडीचा घाट चढता येई. हॉटेलांच्या भरवशावर राहून चालत नव्हतं. आमच्याबरोबर दशम्या, लसणाची चटणी, उकडलेली अंडी आणि घरचं पाणी होतं. खरी पंचाईत बायकांची होई, स्वच्छतागृहाची. पेट्रोल पंपावर थांबलं तर मास्क काढायचा नाही, नळाला हात लागला की साबणाने धुवायचा आणि गाडीत बसताना परत सॅनिटायझर. मास्क झडपेचा नको. त्यातून आपला श्वास थेट बाहेर पडतो, म्हणजे आपण सुरक्षित आणि समोरचा वाऱ्यावर.

खारेपाटणला सिंधुदुर्गाची हद्द लागते. तिथे लांबलचक रांग होती. नाव, गाव, फोन, गाडीचा नंबर, कपाळावर थर्मल गन, हातावर क्वारंटाइनचा शिक्का. शिक्क्याची शाई ओली असताना सॅनिटायझर चोळायचं नाही, मागच्या गाडीतल्या काकांचा हात मनगटापर्यंत निळा झाला होता.

पण नाका हा सोपा भाग. कागदावरचे दहा दिवस गावाला मान्य असतीलच असं नव्हतं, आजूबाजूच्या काही गावांनी चौदाचाच आग्रह धरला होता. निघण्याच्या आठवडाभर आधी सरपंचांना किंवा ग्रामकृती दलातल्या (गावाच्या कोरोना समितीतल्या) कुणाला तरी फोन करायचा. आम्ही केला तेव्हा उत्तर आलं, "येवा, पण आधी धा दिस पडवीत रवचा लागतला." एवढं आधी ठरलं की वेशीवर वाद होत नसत. त्या फोनवर एकच गोष्ट नक्की विचारायची: घरात वेगळा संडास आहे का? खोल्या दहा असल्या आणि संडास एकच असला, तर होम क्वारंटाइन नावापुरता. तसं असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिलेलं बरं, त्यात कमीपणा काही नाही.

गावकऱ्यांच्या भीतीला हसू नका. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला तेव्हाही शहर सोडून माणसं गावोगाव पांगली होती. त्या साथीतूनच १८९७ चा साथरोग कायदा आला, आणि २०२० मध्ये त्याच कायद्याच्या आधारे आपल्या हातावर शिक्का बसत होता. क्वारंटाइन मोडला तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. त्यात दंड जास्तीत जास्त हजार रुपये, पण कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकत होती. खरं तर दंडापेक्षा वाडीतली बोलणी महाग पडतात.

आमची व्यवस्था अशी होती: आम्ही पडवीत, काका-काकी आत. काकी केळीच्या पानावर जेवण वाढून मधल्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायची, मग आम्ही उचलायचो. पान गोठ्यामागच्या खड्ड्यात, म्हणजे भांड्यांचा प्रश्नच मिटला. विहिरीवर आम्ही जात नव्हतो, पुतण्या दोन कळश्या आणून ठेवायचा. मोबाइल, किल्ल्या, चष्मा रोज पुसायचे. ताप सकाळ-संध्याकाळ मोजायचा. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटरही आणला होता, पण नेलपॉलिश लावलेल्या किंवा गार पडलेल्या बोटावर त्याचा आकडा चुकतो. ९४ च्या खाली गेला तर घरगुती काढे बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. रुग्णवाहिका १०८ वर मिळते. बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या घेऊन आलो होतो. आमच्या गावात मेडिकल नव्हतं, आणि शिक्का असताना कणकवलीला जाता येत नव्हतं.

गुरुजींना ऑनलाइन पूजा सांगायला तयार करायचं, आमचे तयार झाले. घरगुती मूर्तीला त्या वर्षी दोन फुटांची मर्यादा होती, तेव्हा गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) फोनवरूनच सांगून ठेवायचं. आरतीला घरातलीच माणसं. आणि परतीच्या पासाचं विसर्जनाच्या रात्रीवर ढकलायचं नाही, त्या दिवशी सगळी मुंबई एकदमच अर्ज भरणार होती.