मागची सीट काढून सामानाची जागा करताना

मुंबईहून स्पिती किंवा लडाखला जायचं, माणसं दोनच, आणि पंधरा दिवसांचं सामान, पाणी, फ्रिज, हत्यारं सगळं गाडीतच राहणार. अशा वेळी फोर बाय फोरची (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीची) मागची सीट काढून तिथे सामान लावावं, हा विचार रास्त आहे. सीट दुमडली तरी ती पंधरा-वीस सेंटीमीटर उंची खाते आणि तळ सपाट होत नाही. बोल्ट खोलायचं काम तासाभराचं. पण मागच्या सीटची पाठ ही पुढे बसलेल्यांसाठी भिंत असते, आणि सीट काढली की ती भिंतही जाते. ताशी ५० च्या वेगातली गाडी धडकेत साधारण ६५ सेंटीमीटरमध्ये थांबली, तर मागे मोकळा ठेवलेला २० किलोचा पाण्याचा कॅन जवळजवळ ३०० किलोच्या जोराने पुढे येतो. म्हणून आधी सामान कशाने अडवणार ते ठरवा आणि मगच पाना हातात घ्या.

गाडीला तिसरी रांग असेल (फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन) तर आधी फक्त तीच काढून बघा. दोन माणसांना बहुतेक वेळा तेवढी जागा पुरते आणि मधल्या रांगेची भिंत शाबूत राहते. जिम्नी किंवा तीन दारांच्या थारमध्ये ही सोय नाही, तिथे मागची एकुलती रांगच काढावी लागते. सीट दोन भागांत असेल आणि एकटेच जाणार असाल तर डावा भाग आधी काढा. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे जड सामान डाव्या बाजूला गेलं की तोल बरा राहतो.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. गाडीची आसनक्षमता आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदलेली असते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती मूळ कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘ट्रिपपुरती काढली’ अशी वेगळी सूट कायद्यात लिहिलेली नाही. म्हणून आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला मेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची प्रत गाडीत ठेवा. गाडीला कायमचा बदल होईल असं कापणं, वेल्डिंग, ड्रिलिंग काही करू नका. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करताना तपासणीत सगळ्या सीट जागेवर लागतात, तेव्हा मूळ बोल्ट आणि झाकणं हाताशी असली पाहिजेत.

आता खोलणं. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार १० नंबरच्या पान्याने सोडवा आणि पाच मिनिटं थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या सर्किटचा असतो. तो सोडवलेला असताना इग्निशन चालू केलं की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्कॅनरने घालवेपर्यंत राहतो. काही गाड्यांत बेल्टच्या बकलची वायरही सीटखालूनच जाते. प्रत्येक कनेक्टरचा आधी फोटो काढा, मग सोडवा.

सीटचे बोल्ट सहसा १४ किंवा १७ नंबरच्या गोटी पान्याने निघतात, बेल्टचे काही गाड्यांत टी-५० टॉर्क्सने (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या पान्याने). कंपनीत त्यांना आटे धरून ठेवणारं रसायन लावलेलं असतं, त्यामुळे पहिला झटका जोराचा लागतो. तो लांब दांड्याच्या पान्याने द्या, इम्पॅक्ट गनने (दणके देत फिरवणाऱ्या यंत्राने) नको. बोल्ट ज्या नटात बसतो तो नट पत्र्याला खालून वेल्ड केलेला असतो. समुद्राजवळ पार्क होणाऱ्या गाडीत तिथे गंज धरलेला असेल तर गनच्या दणक्याने वेल्ड सुटतो, नट बोल्टबरोबर गोल फिरायला लागतो आणि मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून नट धरावा लागतो. कधी कधी नटाच्या खालीच डिझेलची टाकी असते, म्हणजे आधी टाकी उतरवा. त्यापेक्षा आदल्या रात्री आट्यांवर गंजनाशक तेल मारून ठेवणं सोपं.

पुढचे आणि मागचे बोल्ट एकाच लांबीचे असतीलच असं नाही. प्रत्येक भोकाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर जागा लिहा. सीट बाहेर काढायला दोन माणसं लागतात, दाराच्या पट्टीवर जुनी चादर टाका. निघालेली सीट काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, पुढे हिशोबाला लागेल.

सीट गेल्यावर खाली गालिचा ओलसर लागतो का ते हाताने दाबून बघा. पावसाळ्यात दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी इथे साचतं. मोकळ्या राहिलेल्या प्रत्येक भोकाला रबरी बूच किंवा आखूड बोल्ट हवाच. काही भोकं थेट गाडीखाली उघडतात, तिथून धूळ, पाणी आणि वाईट म्हणजे सायलेन्सरचा धूर आत येतो. काच लावून झोपणार असाल तर ही गोष्ट जिवाशी येऊ शकते.

मग सीटच्या जागी सामान ठेवायच्या फळीचं काम. गाडीच्या तळाला नवीन भोक पाडायचं नाही, कारण खाली टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग असतं. सीटच्या मूळ नटांतच फळीचे पाय बसवा. इथे एक चूक वारंवार होते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअर बाजारात नुसतं ‘एम-१० बोल्ट’ (१० मिलिमीटर जाडीचा) म्हटलं की दुकानदार १.५ चा आटा (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) देतो, आणि जपानी घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत सीटचा एम-१० बोल्ट १.२५ च्या आट्याचा असतो. दोन्ही सारखेच जाड दिसतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे आरामात जातो, तिसऱ्याला अडतो, आणि पान्याने जोर केला की नटाचे आटे कापले जातात. जुना बोल्ट बरोबर न्या आणि नव्याला आडवा चिकटवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत पूर्ण बसले, मधून उजेड दिसला नाही, तरच घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा उठवलेला हवा. बसवताना पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरले पाहिजेत. बोल्ट नटात किमान स्वतःच्या जाडीइतका आत जावा, पण इतका लांबही नको की खाली टाकीला टेकेल.

फळीला १८ एमएम प्लाय घेऊन वरून दोन खणांचे ड्रॉवर बनवायचा मोह टाळा. ८ बाय ४ चा १८ एमएम मरीन प्लाय एकटाच ३५ किलोच्या आसपास भरतो. दोन ड्रॉवर, लोखंडी स्लाइड आणि चौकट धरली की रिकामी बांधणीच ६०-७० किलोवर जाते, म्हणजे सीट काढून वाचलेलं सगळं वजन परत आलं. १२ एमएमचा, आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेला प्लाय आणि खाली ॲल्युमिनियमच्या ४० बाय ४० एमएमच्या चौकटी पुरतात. मुंबईत रे रोडच्या लाकूड बाजारात माप देऊन कापून मिळतो. कापलेल्या कडांना पॉलियुरेथेनच्या (पाणी अडवणाऱ्या पॉलिशच्या) दोन हात द्या, नाहीतर मुंबईच्या दमटपणात कडा फुगतात. फळी आणि पाय यांच्यात पातळ रबर घातलं नाही तर पहिल्याच कच्च्या रस्त्यावर खडखडाट सुरू होतो.

वजनाचा हिशोब कागदावर करा. जिम्नीची पूर्ण भारासह मर्यादा १,५४५ किलो, रिकामी गाडी साधारण १,२००. दोन माणसांचे १५० गेले की उरतात १९५ किलो, त्यात काढलेल्या सीटचं वजन मिळवा. त्यातून फळी ३०, फ्रिज सामानासकट ३०, पाणी ४०, लिथियमची १०० एएचची बॅटरी १२, हत्यारं आणि पंप २०. तंबू आणि कपडे अजून यायचे आहेत. सीट काढल्याने जागा वाढते, मर्यादा १,५४५ च राहते. पाणी आणि बॅटरी मागच्या चाकांच्या पुढे, काढलेल्या सीटसमोरच्या पाय ठेवायच्या खोलगट जागेत ठेवा. डिकीच्या टोकाशी ठेवलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं आणि घाटात स्टिअरिंग सैल लागतं.

बांधायला रबरी दोरी चालत नाही, ती ताणली जाते. सीटच्या मूळ बोल्टाखाली पक्क्या लोखंडी डी-रिंग (पट्टा अडकवायच्या कड्या) घाला आणि त्यांना रॅचेटचे (दांडा हलवून आवळायचे) पट्टे लावा. पट्ट्यावर कामाचा भार लिहिलेला असतो, वर काढलेला जोर डोक्यात ठेवून घ्या. प्लास्टिकच्या पेट्या रॅचेटने चेपतात, तिथे साधी बकल असलेला पट्टा बरा. पुढच्या सीटमागे जाळी लावलीत तर ती छताच्या कडेला टेकू देऊ नका. तिथे पडद्याची (खिडकीवर छतातून खाली उघडणारी) एअरबॅग असेल तर ती अडकेल. आणि त्या फळीवर चालत्या गाडीत कोणी बसायचं नाही, लहान मूल तर नाहीच.

काढलेल्या सीट सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या तर जुलैपर्यंत बुरशी धरते. सुती चादरीत गुंडाळून घरातल्या माळ्यावर उभ्या ठेवा, बोल्टांच्या पिशव्या सीटलाच बांधून. निघण्याआधी पन्नासेक किलोमीटर फिरून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, मग ५०० किलोमीटरला एकदा. परत सीट बसवताना बेल्टच्या बोल्टांना टॉर्क रेंचच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) वापरा, आणि आकडा आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या.